पंचनामा दारी, प्रस्ताव मंत्रालयी

महापूर ओसरला की तलाठी गावात येतो. (शासनदरबारी त्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, लोकांच्या तोंडी तो तलाठीच राहिला आहे.) तो पडलेल्या भिंती मोजतो, वाहून गेलेली जनावरे लिहून घेतो, गाळाखाली गेलेल्या उसाचे क्षेत्र नोंदवतो आणि पंचांच्या सह्या घेतो. या पंचनाम्यात वशिले चालतात, वाटेकऱ्याचे नाव गळते आणि सातबाऱ्यावरील मालकाचे राहते, पैसे हाती पडेपर्यंत महिने लोटतात, हे सर्व खरे आहे. तरीही त्यामागे एक तत्त्व मान्य झालेले असते. ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी राज्याने जायचे असते. दरही ठरलेले असतात. आपत्तीत माणूस दगावला तर त्याच्या वारसास ४ लाख रुपये, हा केंद्राचा निकष २०१५ पासून चालत आला आहे. मृताच्या गावाने आधी चांगले टिपण लिहिले होते की नाही, असे तेव्हा कोणी विचारीत नाही.

आता हेच गाव पूर येण्यापूर्वी काय करू शकते ते पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या बेचक्यात वसलेले कोणतेही गाव घ्यावे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. अशा गावाला काय हवे असते? इंजिनाची एक धड बोट आणि ती चालविता येणारी चार-सहा तरुण मुले. गुरांसाठी उंचवट्यावर एक ओटा आणि तेथे आठवडाभर पुरेल इतकी वैरण. शाळेच्या इमारतीला वरचा मजला, तेथे शौचालय आणि पाण्याची टाकी. २०१९ मध्ये गाव सोडा म्हणून दवंडी पिटूनही अनेक कुटुंबे हलली नाहीत. त्याचे कारण त्यांचा अडाणीपणा नव्हता. दावणीला दुभती म्हैस होती आणि तिला न्यायला जागा नव्हती. त्याच वर्षी ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे खच्चून भरलेली नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे पाण्यात गेली. तो अपघात घडविण्यास पुराचे पाणी जितके कारण झाले तितकेच गावोगावी पुरेशा बोटी नसणे हेही झाले.

या गरजा क्षुल्लक आहेत. धरणे बांधायची नाहीत की नद्या वळवायच्या नाहीत. परंतु त्या भागविण्यासाठी तलाठी येत नाही. त्यासाठी गावाने प्रस्ताव करायचा असतो. नुकसानीचे मोजमाप करण्यास राज्य गावात येते. नुकसान टाळण्याचे मोजमाप मात्र गावाने करून, बांधून, सहीशिक्क्यानिशी वर पाठवायचे. आपल्या आपत्तिनिवारणाच्या अर्थकारणातील मुख्य विसंगती ही आहे.

पैसाच नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. आपत्तीनंतरच्या खर्चाची तरतूद वित्त आयोग दीर्घकाळ करीत आले आहेत. दुसऱ्या आयोगाने १९५७ मध्ये राखीव रकमेची पद्धत सुरू केली, नागपूरचे एन. के. पी. साळवे यांच्या अध्यक्षतेखालील नवव्या आयोगाने तिच्या जागी आपत्ती साहाय्य निधी आणला. परंतु हा सर्व पैसा मदतीचा होता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रथमच प्रतिसाद निधी आणि सौम्यीकरण निधी अशी दोन वेगळी खाती कल्पिली, आणि दुसऱ्या खात्यात प्रत्यक्ष पैसा येण्यास आणखी पंधरा वर्षे जावी लागली. एन. के. सिंह यांच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपये ठरविले आणि त्यांतील २० टक्के, म्हणजे सुमारे ३२ हजार कोटी, सौम्यीकरणासाठी बाजूला काढले. महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा होता.

या निधीचा उद्देश सांगताना आयोगाने जे म्हटले ते कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हा पैसा स्थानिक पातळीवरील आणि लोकसमूहांच्या आधाराने होणाऱ्या कामांसाठी आहे. किनाऱ्यावरील भिंती, नद्यांचे मोठे तटबंध यांसारखी प्रचंड कामे नेहमीच्या विकासयोजनांतून करावीत, या निधीतून नव्हे, अशी ही भूमिका आहे. म्हणजे बोट, ओटा आणि शाळेचा वरचा मजला यांच्यासाठीच जणू हे खाते उघडले गेले. समाजवाद्यांनी मागावे आणि शासनाने नाकारावे असा हा विषयच नाही. मागणी तत्त्वतः मान्य आहे, पैसा ठेवलेला आहे, आणि तरीही तो आणि गाव यांच्यामध्ये एक कागद उभा आहे.

थोडे गणित करून पाहावे. २०२०-२१ या एका वर्षासाठी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला आपत्ती निधी ४,२९६ कोटी रुपयांचा होता. त्याचा पाचवा हिस्सा साडेआठशे कोटींच्या पुढे जातो. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. सर्वांना सारखे वाटले तर प्रत्येकीला तीन लाख रुपये येतात. आणि पूर, दरड व वादळ यांच्या तोंडी असलेल्या दहांतील एकाच पंचायतीला द्यायचे ठरविले, तर एका वर्षात तीस लाख. हे गणित ढोबळ आहे, शहरांचा हिस्सा त्यात धरलेला नाही. परंतु त्यावरून एवढे दिसते की सौम्यीकरणाचा प्रश्न तुटपुंज्या पैशाचा कमी आणि तो वाटण्याच्या रीतीचा अधिक आहे.

ही रीत कशी आहे? ग्रामसभेने ठराव करावा. शाखा अभियंत्याने जागा पाहून अंदाजपत्रक करावे, ते चालू दरसूचीप्रमाणे असावे. उपविभागाने ते तपासून तांत्रिक मान्यता द्यावी. जागा गावठाणातली की गायरानातली, यावर तहसीलदाराचा दाखला हवा. दुसऱ्या कोणत्या योजनेतून हेच काम घेतलेले नाही, असे प्रमाणपत्र हवे. मग जिल्हा प्राधिकरण, तेथून मदत व पुनर्वसन विभाग, तेथून राज्य पातळीवरील समिती. कोठेतरी एक त्रुटी निघते आणि प्रकरण खाली येते. ते पुन्हा वर जाईपर्यंत दरसूची बदललेली असते. आर्थिक वर्ष संपते ते निराळेच. यांतील एकेक अट सुटी घेतली तर गैर म्हणता येणार नाही, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच. परंतु सगळ्या अटी एकत्र येतात तेव्हा त्यांचा परिणाम निवड करण्यात होतो, आणि ही निवड धोक्याच्या प्रमाणात होत नाही. ज्या गावात साखर कारखान्याचा संचालक राहतो, ज्या गावचा एखादा मुलगा मंत्रालयात कक्ष अधिकारी आहे, ज्या पंचायतीला प्रस्ताव लिहून देणाऱ्या सल्लागाराची फी परवडते, तिचा कागद सरकतो. अर्जावर चालणारे अनुदान हे दिसायला सर्वांना खुले असते, खुल्या बाजारासारखेच. बाजारात शिरायला खिशात पैसा लागतो, येथे अक्षर, ओळख आणि सवड लागते.

या निवडीचे टोक इर्शाळवाडीत दिसले. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर ठाकरांची ही वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथके अंधारात, पावसात डोंगर चढून गेली आणि यंत्रसामग्री वर नेता आली नाही. दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. हे निवेदन स्वतःच्या बचावासाठी होते, परंतु त्याचा खरा अर्थ आरोपाचा आहे. जी वाडी यादीत नाही तिचा प्रस्ताव होत नाही. जिला रस्ता नाही तेथे अंदाजपत्रकासाठी अभियंता पोचत नाही. जेथे अभियंता पोचत नाही ती यादीत येत नाही. २०१४ मध्ये माळीण येथे दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली, २०२१ मध्ये महाडजवळच्या तळिये येथे ऐंशीहून अधिक. प्रत्येक वेळी यादीचीच चर्चा झाली. घर हलविण्यासाठी अर्ज कसा करायचा, कोणाकडे करायचा आणि किती दिवसांत त्याचे उत्तर मिळाले पाहिजे, हे उतारावर राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना सांगणारा कोणी त्या चर्चेत नव्हता.

दिल्लीच्या यादीनेही सह्याद्रीला उशिरानेच ओळखले. पंधराव्या आयोगाने राष्ट्रीय सौम्यीकरण निधीतून भूकंप व दरडींसाठी ७५० कोटी राखले ते दहा डोंगरी राज्यांकरिता. त्यांत महाराष्ट्र बसत नव्हता, कारण तो डोंगरी राज्य नाही. येथे फक्त डोंगर आहेत. शहरी पुरासाठी मात्र मुंबईला ५०० आणि पुण्याला २५० कोटी नावानिशी मिळाले. शहरांना ते मिळू नयेत असे कोणी म्हणणार नाही. मुंबईने २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस सोसला आहे. पण महानगराचे नाव अहवालात छापून येते आणि वाडीला अर्ज करावा लागतो, हा फरक नजरेआड करता येणार नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पंधरा राज्यांसाठी १,००० कोटींचा दरड सौम्यीकरण प्रकल्प मंजूर केला, त्यात महाराष्ट्राला १०० कोटी आले. तोपर्यंत इर्शाळवाडीला सोळा महिने झाले होते.

यावर प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते. गावाच्या हाती पैसा दिला तर तो खाल्ला जाईल, सरपंच आपल्या आळीत ओटा बांधील, बोट दोन वर्षांत सडेल. यांतील काही खरेही ठरेल. परंतु ठेकेदारांनी बांधलेले आणि पाण्याने नेलेले पूल पाहिलेल्या महाराष्ट्रात हा युक्तिवाद खेड्यांपुरताच का लागू व्हावा, हे कळत नाही. आणि उलट दाखला याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत (आजचे धाराशिव) दोन प्रकारची कामे झाली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे बरेचसे काम ठेकेदारांचे होते, आणि लांबलचक सरळ रस्त्यांच्या त्या वसाहतींत जनावर कोठे बांधावे, बलुतेदाराने कोठे बसावे याचा विचार राहून गेला. त्याहून कितीतरी अधिक गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण व्हायचे होते. तेथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या बँक खात्यात जमा झाले, साहित्य त्याने घेतले, गवंडी त्याने लावला, आणि गावातल्याच स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून नेमल्या गेल्या. दोष तेथेही राहिले. परंतु हजाराहून अधिक गावांत सामान्य माणसाने शासकीय अनुदानाचा हिशेब सांभाळला आणि भूकंपाला टिकणारी भिंत कशी असते हे तो त्या निमित्ताने शिकला. सल्लागाराच्या प्रस्तावातून हे शिक्षण मिळत नाही.

आणखी एक अडचण घटनेतलीच आहे. ७३व्या दुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची अकरावी अनुसूची दिली, तीत आपत्तिव्यवस्थापन नाही. कायद्याच्या ४८व्या कलमात जिल्हा पातळीवरील सौम्यीकरण निधीचा उल्लेख आहे. आयोगाचे वाटप मात्र राष्ट्र आणि राज्य या दोनच पायऱ्यांसाठी झाले. ग्रामपंचायतीच्या हाती वित्त आयोगाचा जो पैसा थेट आला, त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छतेला बांधलेला होता. त्यावर कळस म्हणजे २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. गावाचा प्रस्ताव अडला तर तेथे भांडायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. पंधराव्या आयोगाच्या पाचांपैकी तीन वर्षांहून अधिक काळ असा गेला.

राजकीय पक्षांना याची खंत का वाटत नाही, याचे कारण अर्थशास्त्रज्ञांनी शोधले आहे. अमेरिकेतील निवडणुकांचा अभ्यास करून अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये दाखविले की मतदार आपत्तीनंतरच्या मदतीचे बक्षीस देतात, पूर्वतयारीचे देत नाहीत. आणि पूर्वतयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढील सुमारे पंधरा डॉलरांचे नुकसान टाळतो. न बुडालेल्या माणसाला आपण वाचलो हे कळत नाही, त्यामुळे तो आभार मानीत नाही. पुराच्या पाण्यात उभे राहून धान्याचे पाकीट वाटणाऱ्या पुढाऱ्याचे छायाचित्र निघते. मे महिन्यात बोटीच्या इंजिनाला तेल घालणाऱ्याचे निघत नाही. म्हणून हा प्रश्न पुढाऱ्यांच्या सदिच्छेवर सोडता येत नाही, तो हक्काच्या भाषेत बांधावा लागतो.

ती भाषा महाराष्ट्राने एकदा घडविली आहे. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि दुष्काळी कामांवरील मजुरांच्या मोर्च्यांतून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. मजुराला तेथे प्रकल्प अहवाल लिहावा लागत नव्हता. नमुना क्रमांक चार भरायचा, अंगठा उमटवायचा आणि दिनांकित पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही मिळाले तर भत्ता. हे शक्य झाले ते एका साध्या व्यवस्थेमुळे. प्रत्येक तालुक्यात तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता आधीच मिळालेली कामे ‘शेल्फ’वर तयार ठेवणे हे शासनाचे काम होते. नाला बांध कोठे, पाझर तलाव कोठे, याची अंदाजपत्रके मजुराने नव्हे तर अभियंत्याने आधी करून ठेवायची. हमीची पुढे किती आबाळ झाली हा वेगळा इतिहास आहे. परंतु मागणी खालून आणि कागद वरून, ही तिची रचना सौम्यीकरणाला जशीच्या तशी लावता येते. जिल्हा प्राधिकरणाने प्रत्येक पूरप्रवण, दरडप्रवण आणि किनारी गावासाठी ओटा, निवारा, बोट, भोंगा, उतारावरील पाण्याचा चर अशा कामांचे नमुना-नकाशे व अंदाजपत्रके मान्यतेसह तयार ठेवावीत. ग्रामसभेने ठरावाने त्यांतून मागावे. ठरावीक मुदतीत काम सुरू व्हावे किंवा लेखी, सकारण नकार मिळावा. यादीत नसलेल्या वाडीने मागणी केली तर पाहणीसाठी जाणे हे तलाठ्याचे कर्तव्य ठरावे, तो पंचनाम्याला जातो तसेच. आणि निधीचा एक निश्चित हिस्सा कोणत्याही प्रस्तावाविना, धोक्याच्या प्रमाणात, पंचायतींच्या खात्यावर जावा.

चळवळीतील काही साथींना अर्ज करणेच पसंत नाही. शासनाकडे हात पसरायचा नाही, लढून घ्यायचे, अशी त्यांची भूमिका असते आणि तिच्यामागचा स्वाभिमान खरा आहे. तरीही ती सदोष आहे. हा पैसा करांतून आलेला, लोकांच्याच नावे बाजूला ठेवलेला आहे. तो मागणे ही भीक नव्हे. शिवाय न केलेल्या अर्जाचा नकार कागदावर येत नाही, आणि ज्याचा नकार कागदावर नाही त्याबद्दल न्यायालयात किंवा विधिमंडळात काही विचारता येत नाही. अर्ज भरणे आणि अर्जाच्या रीतीविरुद्ध लढणे ही दोन कामे एकाच हाताने करावी लागतील. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी एखादा निवृत्त शिक्षक, एखादा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला पर्यवेक्षक आणि गावातली शिकलेली मुले-मुली यांनी आठवड्यातून एक दिवस बसावे. एकट्या गावाने न मागता नदीच्या एका वळणावरील पाच-सहा गावांनी एकत्र मागावे. एक बोट तिघांना चालते, आणि सहा ठरावांचा गठ्ठा टेबलावरून सहजासहजी हरवत नाही. ठरावात कोणती घरे, किती माणसे, त्यांत किती म्हातारी आणि अपंग, किती गुरे, २०१९ चे आणि २०२१ चे पाणी कोठवर आले होते, हे लिहावे. ही माहिती गावाइतकी कोणत्याही सल्लागाराजवळ नसते. दलित वस्ती आणि आदिवासी पाडा बहुधा सर्वांत सखल किंवा सर्वांत तीव्र उतारावर असतो. त्याचे नाव ठरावात पहिले यावे. पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास माहिती अधिकारात नस्तीवरील टिपणी मागावी.

वेळेचे भानही हवे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय निघतो, कारण तेव्हा आकाशाकडे लक्ष जाऊ लागते. परंतु १ मे आणि मृग यांच्यामध्ये सहा आठवडेही नसतात आणि तेवढ्यात शाखा अभियंत्याची सहीदेखील होत नाही. हा ठराव २ ऑक्टोबरच्या सभेत, भिंतीवरची पाण्याची रेघ अजून ओली असताना व्हायला हवा, म्हणजे दिवाळीनंतर अंदाजपत्रक, मार्चपूर्वी मान्यता आणि उन्हाळ्यात बांधकाम, असा निदान हिशेब तरी जुळतो.